कमान बारा नंबरच्या बारवरून पंधरावर: रिगिंगचे शब्द आणि वजनाचा हिशोब

तिसरीघंटा

मंडळी, थोडा वेगळा विषय आहे, पण इथे पडद्यामागे काम केलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय.

आमचं इंग्लंडमधलं मराठी मंडळ या वर्षी गावातल्या मोठ्या थिएटरात संगीत नाटक करतंय. दरवर्षी शाळेच्या हॉलमध्ये करायचो, तिथे वर फक्त ट्यूबलाइट. इथे रंगमंचाच्या डोक्यावर उंच मनोरा आहे, त्यात ओळीने बार टांगलेले, आणि प्रत्येक बार बाजूच्या भिंतीवरच्या दोराने खालीवर होतो.

नेपथ्यात एक लाकडी महिरप आहे. आपण कमान म्हणू. चार मीटर उंच, वजन साधारण १२० किलो. पहिल्या अंकात ती १२ नंबरच्या बारवर. दुसऱ्या अंकात दिग्दर्शकाला ती १५ नंबरवर हवी आहे, म्हणजे ६० सेंटिमीटर मागे (दोन बारांमध्ये २० सेंमी अंतर आहे). मध्यंतर २० मिनिटांचं.

हात लावणार थिएटरचीच माणसं. पण त्यांच्या तांत्रिक व्यवस्थापकाने आमच्याकडून लेखी मेथड स्टेटमेंट (काम कसं, कुठल्या क्रमाने करणार याची योजना) मागितलंय, आणि ते लिहिणं माझ्या गळ्यात पडलंय. नेटवर दोन पुस्तिका मिळाल्या, एक अमेरिकन, एक ब्रिटिश. एकीत आर्बर, ट्रिम, बॅटन. दुसरीत क्रेडल, डेड, बार. शिवाय ब्रेस्टिंग, ब्रेलिंग, ट्रिपिंग, म्युलिंग. यातलं मला नक्की काय करायचंय, आणि त्याला काय म्हणायचं?

उगाचच

दोन कमानी करा. विषय संपला.

तिसरीघंटा

@उगाचच, सुताराचं बिल तुम्ही भरणार असाल तर आजच सांगते त्याला. :)

गॅलरीतून

मी इथल्याच एका थिएटरात फ्लायमन आहे, म्हणजे हे बार वरखाली करणारा. आधी शब्दांचा गुंता सोडवू, कारण तो दिसतो तेवढा मोठा नाही.

तुमच्या दोन पुस्तिका एकाच वस्तूंना वेगळी नावं देतायत. ज्या नळीला सामान बांधतो ती इथे बार, अमेरिकेत बॅटन किंवा पाइप. भिंतीलगत वरखाली जाणारी, लोखंडी विटा भरलेली चौकट इथे क्रेडल, तिकडे आर्बर. रंगवलेला कापडी पडदा इथे क्लॉथ, तिकडे ड्रॉप. एखादी वस्तू ज्या ठरलेल्या उंचीवर थांबायची ती उंची इथे 'डेड', तिकडे 'ट्रिम'. तुम्ही इंग्लंडमध्ये आहात, तेव्हा बार, क्रेडल, क्लॉथ आणि डेड लिहा. सरमिसळ करू नका. समोरच्याला वाटेल की कुठूनतरी उचलून आणलंय.

एक मात्र दोन्हीकडे सारखं आहे आणि नवख्याला तेच चकवतं. बार खाली घेणे म्हणजे 'इन', वर नेणे म्हणजे 'आउट'. अप आणि डाउन हे शब्द आधीच रंगमंचाच्या मागच्या-पुढच्या बाजूसाठी गुंतलेले आहेत. हेडफोनवर "टेक इट अप" असं म्हणालात तर एक जण बार वर नेईल आणि दुसरा कमान मागे ढकलेल.

आता क्रिया.

ब्रेस्टिंग: टांगलेली वस्तू तिच्याच बारवर ठेवून, बारच्या तारांना आडवा दोर लावून पुढे किंवा मागे ओढणे. ब्रेलिंग जवळपास तेच, फक्त ओढ बारच्या टोकांना बांधलेल्या छोट्या दोरांनी. ट्रिपिंग: वर जागा कमी असते तेव्हा क्लॉथचं खालचं टोक दुसऱ्या बारने उचलून त्याची घडी करणे. म्युलिंग म्हणजे दोर सरळ न नेता मध्ये कप्पी लावून वळवणे.

तुम्हाला हवंय ते यातलं काहीच नाही. तुम्हाला एका बारवरचा भार दुसऱ्यावर सोपवायचाय. लोड ट्रान्सफर. तसंच साधं लिहा.

पडद्यामागचा

गॅलरीतून यांनी छान समजावलं. मी पुण्यात आयुष्यभर नेपथ्य उभं केलं, त्यामुळे एक भाबडा प्रश्न: १२० किलोची कमान मुळात वर टांगायचीच कशाला? आमच्याकडे फ्लॅट (नेपथ्याची सपाट चौकट) जमिनीवर उभा राहतो, मागून ब्रेस (तिरका टेकू), ब्रेसच्या पायावर वजन. नाटक आज पुण्यात, उद्या सांगलीत, परवा बेळगावात. सगळं टेम्पोत जाणार आणि दोन तासांत उभं राहणार. प्रत्येक नाट्यगृहात वर काय असेल याचा भरवसा नसतो. म्हणून वर लटकवायचं ते झालरी, मागचा पडदा आणि दिवे. बाकी सगळं पायावर.

वर नेण्याची कला आपल्याकडे नव्हतीच असं मात्र नाही. संगीत नाटकांच्या काळात रंगवलेले पडदे होते. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर चित्रपटात पडण्याआधी कंपन्यांचे असे पडदे रंगवायचे. हे पडदे खालच्या दांड्यावर गुंडाळत वर जात. दोर ओढला की दांडा फिरत फिरत वर. त्यामुळे डोक्यावर उंच मनोऱ्याची गरज पडत नसे. ट्रिपिंग ज्या अडचणीवर उपाय आहे, त्याच अडचणीवरचा हा दुसरा उपाय.

तिसरीघंटा

काका, कमान टांगायची कारण पहिल्या अंकाच्या अखेरीस ती गाण्याच्या समेवर वर जाते. दिग्दर्शकाचा जीव त्यात अडकलाय.

स्थितिज

मेकॅनिकलवाला. नाटकातलं काही कळत नाही, पण हा प्रश्न आवडला.

मला समजलं ते असं. बार हवेत तरंगतो कारण बार + सामान = क्रेडलमधल्या विटा. म्हणजे आत्ता १२ च्या क्रेडलमध्ये १२० किलो जास्तीच्या विटा आहेत, १५ च्या क्रेडलमध्ये फक्त बारपुरत्या. कमान १५ वर गेली की एकाच क्षणी दोन्ही हिशोब चुकतात. १२ चा क्रेडल १२० ने जड, तो खाली धावणार आणि बार वर उडणार. १५ चा बार १२० ने जड, तो खाली येणार.

म्हणजे हलवायच्या वस्तू दोन आहेत, १२० किलोची कमान आणि १२० किलोच्या विटा, आणि दोन्हींनी बरोबरीने हललं पाहिजे. बरोबर ना?

गॅलरीतून

तंतोतंत. आणि लोक इथेच फसतात, कारण भिंतीवर रोप लॉक (दोर पकडणारा खटका) दिसतो आणि वाटतं तो धरून ठेवेल. रोप लॉक ही दाराची कडी आहे, ब्रेक नाही. तोललेला बार जागचा हलू नये एवढंच त्याचं काम. साधारण २०-२५ किलोच्या फरकापलीकडे त्याच्यावर विसंबू नये. १२० किलोचा फरक पडला तर दोर लॉकमधून सटकतो, आणि एकदा पळायला लागलेला दोर हाताने धरायचा नसतो. सोडायचा आणि ओरडून बाजूला व्हायचं. धरायला गेलेल्यांचे हात सोलून निघालेत.

मूळ नियम दोन ओळींचा आहे. भरताना: आधी सामान बारवर, मग विटा क्रेडलमध्ये. उतरवताना: आधी विटा बाहेर, मग सामान. यामागे बार खाली असणं गृहीत आहे. बार खाली असतो तेव्हा त्याचा क्रेडल वरच्या लोडिंग गॅलरीशी, म्हणजे विटा भरायच्या सज्जाशी असतो. या क्रमाने जास्तीचं वजन नेहमी अशा बाजूला राहतं जिला पडायला जागाच नाही.

डिमरवाला

मी लाइट्स करतो, म्हणून आमच्या लोकांची बाजू. १३ आणि १४ वर काय आहे ते कुणीच विचारलं नाही. ६० सेंटिमीटर म्हणजे मध्ये दोन बार आले. तिथे दिवे असतील तर तुमच्या या सगळ्या हिशोबाआधी माझे दिवे फुटतील.

तिसरीघंटा

अरे हो, हे राहिलंच. १३ रिकामा आहे. १४ वर आठ दिवे आहेत.

स्थितिज

१४ वर दिवे नसते तर मी म्हणालो असतो की ट्रान्सफर करूच नका, ब्रेस्टिंगने काम होतंय. आकडे मांडतो, दुसऱ्या कुणाच्या कामी येतील.

समजा ग्रिडपासून (मनोऱ्याच्या माथ्यावरची जाळी, जिथून तारा खाली येतात) बारपर्यंत तार १० मीटर लांब आहे. कमान १२०, नळी वगैरे ६०, एकूण १८० किलो. तो बार ६० सेंमी मागे ओढायला लागणारं बळ सुमारे १८० × ०.६ ÷ १० = ११ किलो. एका हाताने होईल. कमान वर उचलली जाईल ती जेमतेम २ सेंमी, म्हणजे बार तेवढा खाली घ्यायचा, झालं. क्रेडलला हातही लावायचा नाही.

अडचण शेजाऱ्यांची. १२ च्या तारा तिरक्या झाल्या की ग्रिडपासून ३.३ मीटर खाली त्या २० सेंमी सरकलेल्या असतात, म्हणजे १३ च्या रेषेत. ६.७ मीटर खाली १४ च्या रेषेत. १३ आणि १४ रिकामे असतील आणि पार वर, ग्रिडजवळ नेले असतील, तर तारा त्यांच्याखालून निघून जातात. पण १४ दिव्यांसकट मधल्या उंचीवर टांगलेला असेल तर १२ च्या तारा सरळ त्यावर जाऊन टेकणार.

डिमरवाला

आणि दिवे टेकवून घेत नाहीत. गरमही असतात. कमानीला कापडी स्लिंग (सामान बारला टांगायचे पट्टे) बांधणार असाल तर एक लक्षात ठेवा: पॉलिस्टर दिव्याच्या उष्णतेने वितळतं. दिव्यांजवळ तारेचे स्लिंग, नाहीतर आत तार असलेले.

हर्णैकर

मी जहाजावरचा माणूस, नाटकाशी संबंध प्रेक्षक म्हणून. पण हे सगळं वाचताना ओळखीचं वाटतंय. एका डेरिकवरचा (जहाजावरच्या क्रेनवरचा) माल दुसऱ्या डेरिकवर घेताना हेच करतो. आमचे खलाशी 'हाफिस' म्हटलं की उचलतात, 'आरिया' म्हटलं की सोडतात. तुमचं इन-आउट ऐकून वाटलं, मराठी मंडळाने हेच शब्द घ्यावेत. कुणाचा गोंधळ होणार नाही.

एक सांगतो. दोन दोरांनी एक वजन धरलं की प्रत्येकावर निम्मं येतं, असं सगळ्यांना वाटतं. दोर उभे असतील तरच.

स्थितिज

@हर्णैकर, अगदी मुद्द्याचं. आकड्यांत दाखवतो. १२ आणि १५ मधलं अंतर ६० सेंमी. कमान बरोबर मध्यावर आहे असं धरा, म्हणजे प्रत्येक स्लिंग ३० सेंमी आडवा गेलाय.

कमान बारांच्या ३ मीटर खाली: प्रत्येक स्लिंगवर ताण ६० किलोच्या किंचित वर. बारांना आतल्या बाजूला ओढणारं बळ ६ किलो.

३० सेंमी खाली: स्लिंग ४५ अंशांत. ताण ८५, आडवी ओढ ६०.

१० सेंमी खाली: ताण १९० किलो प्रत्येकी. कमान १२० ची असूनही! आडवी ओढ १८०.

प्रत्यक्षात बार आपल्या तारांवर आत झुलतील, त्यामुळे आकडे थोडे उतरतील. पण झुलले की मधल्या दिव्यांना चिमटा बसणार. तेव्हा स्लिंग लांब ठेवा.

पडद्यामागचा

हे १९० वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. आमच्याकडे जत्रेतल्या मांडवात दोन खांबांमध्ये दोर ताठ बांधून मधोमध झुंबर टांगणारे असतात. "दोर अजून ताण, झुंबर खाली येतंय" असं म्हणत ताणत बसतात.

स्थितिज

आणि दोर जितका आडवा, तितका तो तुटण्याच्या जवळ. हो, तेच गणित.

मायनाकाठी

जर्मनीत एका ऑपेराच्या तांत्रिक विभागात आहे. आमच्याकडे विटा नाहीत, प्रत्येक बारला मोटर, शिवाय ग्रिडवरून हवं तिथे सोडता येणारे एकेका तारेचे पॉइंट होइस्ट. भार सोपवायचा असेल तर पडद्यावर दोन्हींचे किलो दिसतात. एकाचा आकडा उतरतो, दुसऱ्याचा चढतो. तार सैल पडली की यंत्र आपोआप थांबतं. काउंटरवेटवाल्यांना, म्हणजे तुमच्यासारख्या विटांनी तोलणाऱ्यांना, हे आकडे हाताच्या अंदाजाने कळतात, याचं मला कायम कौतुक वाटतं.

तरी एक सूचना. कुणी उत्साही मित्र "मध्ये एक चेन होइस्ट (साखळीने भार उचलणारं यंत्र) लावू, त्यावर कमान धरू" असं म्हणेल, तर होइस्टचा वर्ग विचारा. जर्मन पद्धतीत साधा डी-८ होइस्ट माणसांच्या डोक्यावर भार धरून ठेवायला चालत नाही, त्याला दुसरा आधार लागतो. डी-८ प्लस स्थिर भार धरू शकतो. माणसांच्या डोक्यावरून भार हलवायचा असेल तर सी-१ लागतो. इंग्लंडचे नियम वेगळे असतील, पण भाड्याने देणारे बहुतेक हीच नावं वापरतात. तुमच्या कमानीखाली नट उभे राहणार आहेत.

उगाचच

म्हणजे नायिकेच्या डोक्यावर डी-८ आणि खलनायकाच्या डोक्यावर... हलके घ्या.

तिसरीघंटा

सगळ्यांचे आभार. आता माझ्या डोक्यात दोन मार्ग आहेत: (अ) हवेतच १२ वरून १५ वर सोपवणं, (ब) कमान जमिनीवर टेकवून, १२ वरून सोडून, हाताने मागे सरकवून १५ ला बांधणं. गॅलरीतून, तुम्ही काय कराल?

गॅलरीतून

दोन्ही सांगतो, म्हणजे का ते कळेल.

(अ) हवेतला मार्ग. दोन्ही बार एका उंचीवर आणले की दोन्ही क्रेडलही एका उंचीवर येतात, शेजारी शेजारी. ही फार सोयीची गोष्ट आहे. लोडिंग गॅलरीवरचा माणूस एका क्रेडलमधली वीट काढून शेजारच्यात ठेवू शकतो. १५ वरून स्लिंग सोडून कमानीला लावायचे, ते ताठ होईपर्यंत १५ आउट घ्यायचा. मग १२ मधून एक वीट काढायची, बार किंचित इन, १५ ने तेवढा भार घेतला की तीच वीट १५ मध्ये. आमच्याकडची वीट १२ किलोंच्या आसपास असते, म्हणजे तुमच्या १२० साठी दहा फेऱ्या. कुठल्याही क्षणी फरक एका विटेपेक्षा जास्त नाही, त्यामुळे रोप लॉकच्या आवाक्यात. खाली दोन दोरांवर दोन माणसं, वर गॅलरीवर दोन, आणि बोलणारा फक्त एक.

हे जमतं. मी केलंय. पण मध्ये दिव्यांचा बार असताना मी करणार नाही. १२ चे आणि १५ चे स्लिंग १४ च्या दोन्ही बाजूंनी खाली जाणार, म्हणजे १४ त्या त्रिकोणात कोंडला गेला. तो वर जाईल, खाली येऊ शकणार नाही. कमान जसजशी मागे जाईल तसतसे १२ चे स्लिंग दिव्यांच्या पोटाखालून घासत जाणार. २० मिनिटांच्या मध्यंतरात, खाली लोक चहा पीत असताना, नको.

(ब) जमिनीवरचा मार्ग. मी हाच घेईन. यात एकच जागा फसवी आहे, आणि ती तुमच्या लेखी योजनेत ठळक हवी: कमान जमिनीला टेकली म्हणजे तिचं वजन उतरलं असं नाही. टेकली तरी ती बारला बांधलेली आहे आणि क्रेडलमधल्या १२० किलो विटा तिला अजून वर धरून आहेत. या क्षणी कुणी खाली हुक सोडला तर बार सुटलाच.

म्हणून क्रम असा. कमान इन, पाया जेमतेम टेकेल इतकी. चार माणसं दोन्ही बाजूंनी धरून, ब्रेस लावून. मग वरून १२ च्या क्रेडलमधल्या विटा काढायच्या. जसजशा विटा निघतात तसतशी कमान जमिनीवर जड होत जाते. सगळ्या १२० किलो निघाल्या, वरून "क्लिअर" आलं, तरच हुक सोडायचे. १२ रिकामा करून वर. कमान सरकवायची. १५ इन, हुक लावायचे, मग १५ मध्ये विटा. आता उलट होतं, ती हलकी होत जाते. सगळ्या बसल्या की हातभर वर घेऊन तोल बघायचा, मग पुढे.

सरकवताना कमान १४ खालून जाणार, तेव्हा १४ तिच्या माथ्यापेक्षा पुरेसा वर न्यायचा. डिमरवाला खूश.

डिमरवाला

खूश. पण १४ हलवला की दिव्यांचे फोकस पुन्हा बघावे लागतील, एवढं तुमच्या दिग्दर्शकाला आजच सांगा. १४ च्या दोरावर डेडची टेप लावून ठेवा, म्हणजे परत तिथेच येईल. आणि केबलला तेवढी ढील आहे का ते बघा.

स्थितिज

@गॅलरीतून, एक शंका. कमान चार मीटर उंच. ती जमिनीवर टेकली तेव्हा बार खालपासून साधारण साडेपाच मीटरवर असेल (स्लिंग धरून). मग क्रेडल पूर्ण वर नसणार, गॅलरीपासून काही मीटर खाली असणार. वरचा माणूस विटा काढणार कसा?

गॅलरीतून

तुम्ही खरंच नाटकातले नाही? :) हाच प्रश्न व्यवस्थापक विचारणार. बार सर्वांत खाली साधारण सव्वा मीटरवर येतो असं धरलं, तर क्रेडल वरच्या गॅलरीपासून चार-सव्वाचार मीटर खाली असेल. काही थिएटरांत यासाठी मधली गॅलरी असते. नसेल तर उपाय म्हणजे स्लिंग लांब ठेवायचे नाहीत, किंवा कमान दोन तुकड्यांत करून वरचा भाग आधी काढायचा, किंवा भार दुसऱ्या साधनाने, म्हणजे कॅपस्टनने किंवा विंचने (दोर गुंडाळून ओढणारी यंत्रं), धरून ठेवत बार पूर्ण इन आणायचा. तिसरीघंटा, तुमच्याकडे मधली गॅलरी आहे का हे पहिलं विचारा. बाकी सगळं त्यावर ठरेल.

आणि दुसरं: १२ आणि १५ दोन्ही सिंगल पर्चेस (बार जेवढा चालतो तेवढाच क्रेडल चालतो) आहेत ना? काही थिएटरांत बाजूच्या विंगेत दार किंवा वाट आल्यामुळे क्रेडल जमिनीपर्यंत येऊ शकत नाही, तिथे डबल पर्चेस असतो. त्यात क्रेडल बारच्या निम्मंच अंतर चालतो, पण विटा दुप्पट लागतात. १५ डबल निघाला तर १२० च्या जागी २४० किलो.

पडद्यामागचा

मी सुरुवातीला टांगायचीच कशाला म्हणालो होतो. आता (ब) मार्ग बघता शेवटी चार माणसं, ब्रेस आणि कमान जमिनीवर! तळाला चाकं लावा म्हणजे सरकवताना लाकूड घासणार नाही. चाकांना लॉक हवा. आणि ती चार माणसं तालमीला रोज तीच हवीत, "आज जोशी आला नाही, मी धरतो" नको.

एक शंका मात्र आहे. ट्रिपिंगला दोन बार लागतात म्हणालात. तिथे विटांचं काय करता? पडदा उघडबंद होताना वर माणूस विटा बदलत बसत नसणार.

गॅलरीतून

काका, फार छान प्रश्न. तिथे तडजोड करतो. समजा कापड ६० किलो आणि खालची नळी २०. पूर्ण उलगडलेलं असताना पुढच्या बारवर ८०, मागच्यावर शून्य. पूर्ण घडी झाली की पुढच्यावर ३०, मागच्यावर ५० (निम्मं कापड अधिक नळी). पुढचा ८० ते ३० मध्ये हिंदकळतो, म्हणून त्यात ५५ भरायचे. मागचा शून्य ते ५०, त्यात २५. म्हणजे दोन्ही टोकांना फरक २५ चा, रोप लॉकच्या जेमतेम काठावर. त्यामुळे दोन्ही दोरांवर माणूस उभा ठेवतो, नुसत्या लॉकवर सोडत नाही. पडदा याहून जड असेल तर ट्रिपिंगच नको, तुमचा गुंडाळणारा दांडा बरा.

पडद्यामागचा

बघा! बाबूरावांचा दांडा जिंकला.

मायनाकाठी

कागदासाठी अजून एक. कमानीवरचे शॅकल (जोडायच्या लोखंडी कड्या), स्लिंग, तारा यांवर सुरक्षित भाराचा आकडा लिहिलेला हवा. इंग्लंडमध्ये १९९८ च्या लोलर नियमांनुसार उचलण्याच्या अशा साहित्याची दर सहा महिन्यांनी तपासणी लागते, हे आमच्या ब्रिटिश सहकाऱ्यांकडून ऐकत असते. गॅलरीतून खात्री करतील.

गॅलरीतून

बरोबर. शॅकल, स्लिंग अशा साहित्याची आणि माणसं उचलणाऱ्या यंत्रांची सहा महिन्यांनी, बाकी उपकरणांची १२ महिन्यांनी, सक्षम माणसाच्या लेखी योजनेत वेगळं ठरलेलं नसेल तर. मंडळाच्या गॅरेजमधला शॅकल आणू नका, कितीही दणकट दिसो. थिएटरचं साहित्य मागा.

तिसरीघंटा

आज थिएटरात जाऊन आले. मधली गॅलरी आहे! १२ आणि १५ दोन्ही सिंगल पर्चेस. व्यवस्थापकाला (ब) मार्ग सांगितला, "टेकली म्हणजे उतरली नाही" हे वाक्य इंग्रजीत सांगितल्यावर तो पहिल्यांदा हसला. बार भिंतीवर लिहिल्याप्रमाणे एकूण ३०० किलो पेलणारा आहे, पण एका बिंदूवर एवढं नको, कमानीचे दोन हुक तारांच्या जवळ घ्या म्हणाला, तारांच्या मधोमध नको, नळी वाकते.

मध्यंतरात दर्शनी पडदा बंद, स्टेजवर फक्त सात माणसं. आता एक शेवटचं. इथे वरून काही येत असेल तर "हेड्स!" असं ओरडतात. आमच्या मंडळातली निम्मी मंडळी ते ऐकून वर बघतात. तालमीत दोनदा पाहिलं.

हर्णैकर

"आरिया!" ओरडा. कुणाला कळणार नाही, सगळे पळतील.

पडद्यामागचा

थिएटरच्या माणसांना "हेड्स" च ओरडू दे, त्यांच्या कानाला ते बसलंय. तुमच्या माणसांना तालमीत एवढंच शिकवा की "हेड्स" ऐकलं की वर न बघता मान खाली, हात डोक्यावर आणि जवळच्या विंगेत. रोज एकदा, कमान नसतानाही ओरडायचं. आणि स्टेज मॅनेजरने मराठीत "बाजूला!" म्हणायचं. "सांभाळा" म्हणू नका. सांभाळा म्हटलं की आपला माणूस आधी "काय?" विचारतो.

गॅलरीतून

सहमत. आणि वर गॅलरीवर विटा हलवताना खिशात मोबाइल, पाना, किल्ल्या काही नको. हत्यार लागलंच तर मनगटाला दोरीने बांधलेलं. लोडिंग गॅलरीच्या बरोबर खालची जागाही टेपने बंद करा. लोकांचं लक्ष कमानीखाली असतं, विटा हलतात त्या भिंतीजवळ.

तिसरीघंटा

हे दोन्ही मुद्दे योजनेत टाकले. शुक्रवारी रिकाम्या स्टेजवर कमानीऐवजी तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या टांगून पहिली तालीम. चाकांना लॉक असलेले कॅस्टर कुठे स्वस्त मिळतात, कुणाला माहीत?

उगाचच

आता मदत करतो. हॉटेलांच्या जुन्या ट्रॉल्या विकणारे बघा, रबरी चाकं आणि पायाने दाबायचा लॉक असतो. पण प्रत्येक चाकावर किती किलो चालतात ते छापलेलं बघूनच घ्या. चार चाकं असली तरी तीनच टेकतात असं धरून हिशोब करा.

स्थितिज

@उगाचच, तुम्ही इतके दिवस कुठे होतात? +१. म्हणजे १२० भागिले तीन, ४० किलो प्रत्येकी, आणि सरकवताना फटीत अडकून धक्का बसणार म्हणून त्याच्या दुप्पट तरी घ्या.